दिशा तुझी, उडी माझी

४ मार्च

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायची सवय सुटली आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुमच्या त्या बेटावर फोन लागत नाही, आणि जी एक लाइन आहे ती फक्त हवामानाचे आकडे पाठवायला, असं तुझा नवरा म्हणाला. म्हणून हा कागद.

कारण तसं किरकोळ आहे. तुमच्या खोलीला रंग द्यायला काढलाय. कपाटावरचा खोका खाली घेताना अर्धा माझ्या डोक्यावर रिकामा झाला. आत एक करडा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि लेबलं खरवडलेल्या चार-पाच कॅसेटी. मला वाटलं, आमच्या लेकाचं लहानपणचं काहीतरी असेल. विचारलं तर म्हणाला, "माझं नाही, तिचं आहे. व्हिडिओ गेम. हात लावू नकोस." आता डोक्यावर पडल्यावर हात कसा लावायचा नाही?

मी रिटायर झाले तरी महिन्यातून एकदा हॉस्पिटलात चक्कर असते. तिथे मुलांच्या वॉर्डात खेळणी कमी आहेत. तू तर मोठी झालीस, हवामान खात्यात निरीक्षक आहेस. तुला आता याचा काय उपयोग? देऊन टाकू का?

बाकी ठीक. लग्न होऊन महिना झाला नाही तोच तू बॅग भरून गेलीस. ड्यूटी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून सगळी नोकरी काढली आहे मी. पण आपल्या घरात चहाची गाळणी कुठे असते, एवढं तरी बघून जायचं होतंस. यांनी आशीर्वाद सांगितला आहे.

— आई


१७ मार्च

ती. आईंना नमस्कार,

गाळणी ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, डाव्या कोपऱ्यात. दांडा थोडा वाकलाय. मी बघून आलेय.

आई, तो डबा कृपा करून देऊ नका. वॉर्डातल्या मुलांसाठी मी दुसरं काहीतरी नक्की पाठवीन.

माझी आई गेल्यावर मी मामाकडे वाढले हे तुम्हाला माहीत आहे. मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक तो डबा दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही. मामाने डबा नीट केला आणि म्हणाला, "टीव्ही दुरुस्त झाला की हा त्याला लावून बघ. चित्र हललं तर मला सांग." म्हणजे माझं खेळणं हे दुकानाचं काम होतं! शाळेतून आले की लोकांच्या टीव्हीवर मी खेळायची. अर्धा डाव झाला की मालक येऊन टीव्ही उचलून न्यायचा. पण त्यातला एक बेटावरचा खेळ आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवतो, कॅसेटच्या आत एक बारका सेल असतो. दुसरा टीव्ही आला की तिथूनच पुढे.

लेबलं मीच खरवडली. त्यांच्यावरची लिपी वाचता यायची नाही, म्हणून मी आपली नावं ठेवली. निळ्या कॅसेटीतलं 'दिव्यांचं बेट', काळ्यातला 'राखेचा मनोरा'. एक करा ना. एकदा लावून बघा. नाही आवडलं तर मी परत शब्द काढणार नाही.

इथे आम्ही चौघं. स्टेशनचे साहेब, स्वयंपाकी, जनरेटर सांभाळणारे इंजिनकाका आणि मी. माझी खोली म्हणजे एक टेबल, एक खाट आणि फटीत कापड कोंबलेली खिडकी. दर तीन तासांनी वारा, दाब, तापमान लिहायचं, आणि लोखंडी खांबावर चढून वरची यंत्रं पुसायची. मिठाचा थर बसतो त्यांच्यावर. मला हे काम फार आवडतं.

— तुमची सून


६ एप्रिल

चि. सूनबाईस,

गाळणी सापडली. बोलले ते परत घेते.

फक्त बघू म्हणून तुझा खेळ लावला. माळ्यावरचा जाडा टीव्ही खाली काढला, तुझ्या नवऱ्याने वायरी जोडल्या आणि तो शिफ्टला गेला. मी रिमोट हातात घेतला. 'दिव्यांचं बेट'. वरून दिसतं सगळं, जणू आपण झाडावर बसून खाली बघतोय. निळ्या झग्यातली एवढीशी पोरगी, हातात तलवार. मी तिला चार पावलं चालवली आणि एका खेकड्याने मारली. परत चालवली. त्याच खेकड्याने परत मारली. हे मागे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "त्याला पाठीमागून गाठायला हवं, समोरून तो नांग्या आपटतो."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आरशात दिसतंय सगळं," म्हणाले. कपाटाच्या आरशात टीव्ही दिसतो. बस ड्रायव्हर माणूस, आरशात बघायची सवय जाणार थोडीच!

तेव्हापासून जेवण झालं की आम्ही दोघं बसतो. खेळते मी, रस्ते यांच्या लक्षात. "मागे पडक्या विहिरीपाशी उजवीकडे एक कडा होता, तिथे आपण पोचलो नव्हतो." पंधरा दिवसांपूर्वीचा कडा! आणि परवा मला तो दोर मिळाला, आकडा लावलेला. मी त्या कड्यावर आकडा टाकला आणि सरसर वर गेले. वर काय, तर एक दिवा. पण सूनबाई, दिव्यापेक्षा मला हा खेळ करणाऱ्या माणसांचं कौतुक वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कडा दाखवून ठेवला होता. तेव्हा जमणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं. एका शब्दाने सांगितलं नाही की परत ये. नुसता दाखवला आणि माझ्यावर सोडलं.

आणि तो धबधब्याचा कोपरा! चारच रंग वापरलेत, मी मोजून पाहिले. पण अंगावर तुषार आल्यासारखं होतं. हे तर खुर्ची मागे सरकवतात.

आता विचारायचं होतं ते विचारते. पाचव्या दिव्याची गुहा पाण्याखाली आहे. पाणी आटवायचं कसं? सरळ सांगू नकोस. थोडंसंच सांग.

— आई

ता. क. वॉर्डाला मी गोष्टींची पुस्तकं दिली. हा विषय संपला.


२८ एप्रिल

ती. आईंना नमस्कार,

तुमचं पत्र मी खाणावळीत मोठ्याने वाचून दाखवलं. "आरशात दिसतंय" म्हटल्यावर इंजिनकाका हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसले. आता बोटीतून टपाल उतरलं की ते आधी विचारतात, "आई कुठवर पोचल्या?"

पाण्याचं थोडंसंच सांगते. बेटावरच्या गवताकडे बघा.

तेवढंच. पण गवतावरून आठवलं म्हणून लिहिते. ते गवत म्हणजे चार हिरवे ठिपके. वारा पूर्वेकडून असला की एका बाजूला झुकतात, पश्चिमेकडून असला की दुसऱ्या. खेळात त्याचा उपयोग एकाच जागी होतो. तरी ज्याने कोणी ते केलं त्याने अख्ख्या बेटावर, जिथे कोणी बघणारही नाही अशा कोपऱ्यातसुद्धा, गवत वाऱ्याप्रमाणे झुकवलंय. मी नऊ-दहा वर्षांची होते. दुकानाच्या दारात उभी राहून समोरच्या झाडाची पानं बघायला लागले. मग धूर कुठे जातो ते. मग दोरीवरचे कपडे. आई, मी या नोकरीत कशी आले असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी शहाण्यासारखं सांगते. खरं कारण ते चार ठिपके आहेत.

आता 'राखेचा मनोरा' लावा. तो समोरून दिसतो, खालून वर चढत जायचं. तुम्हाला आवडणार नाही असं वाटतं. फार कडक खेळ आहे. बेट आपल्याला भटकू देतं, चुकू देतं, तिथे मेलं तरी चार पावलांवरच परत उभं करतं. मनोरा तसलं काही चालू देत नाही. मला तो कधीच पूर्ण जमला नाही, शेवटच्या मजल्याच्या पुढे गेलेच नाही कधी. माझं मत बेटालाच.

आता वादळांचा मोसम सुरू होईल. ही शेवटची बोट, पुढची जुलैच्या मध्याशिवाय नाही. तोवर पत्र नाही आलं तर काळजी करू नका.

— तुमची सून


२ जून

चि. सूनबाईस,

पत्र जाणार नाही हे माहीत आहे, तरी लिहून ठेवते. साठवून देईन.

गवताचं कळलं. वारा फिरेपर्यंत थांबायचं, मग पवनचक्की उलटी फिरते आणि पाणी ओसरतं. आम्ही दोघं टीव्हीसमोर नुसते थांबून राहिलो होतो, काहीही न करता. असा खेळ मी पाहिला नव्हता, ज्यात थांबणं हीच युक्ती. बेट पूर्ण झालं. सातही दिवे लागले तेव्हा हे उठून उभे राहिले.

पण माझं मत मनोऱ्याला. रागावू नकोस.

बेट प्रेमळ आहे, मान्य. मनोरा कडक आहे, पण खोटारडा नाही. पहिला मजला बघ. आधी एक खड्डा, त्याच्या तळाशी जमीन. पडलं तरी लागत नाही, आपण हसतो आणि वर येतो. पुढचा खड्डा तेवढाच रुंद, पण तळाशी निखारे. मी नव्या पोरींना असंच शिकवायचे. आधी रिकाम्या ट्रेवर हात बसवायचा, मग पेशंटजवळ जायचं. मनोऱ्यात मी जितक्यांदा मेले तितक्यांदा चूक माझी होती आणि मला कळत होती.

आणि ती उडी! बेटावरची पोरगी कुठेही वळते. इथली, एकदा पाय सुटला की हवेत वळत नाही. सुरुवातीला मी रिमोट आपटायची बाकी ठेवली होती. मग लक्षात आलं, उडी मारायच्या आधीच सगळं ठरवायचं आहे. आमचे सर्जन चिरा देण्याआधी क्षणभर थांबायचे, तसं. ज्याने ही उडी केली तो माणूस मला भेटला असता तर मी त्याला माझ्या हाताखाली घेतलं असतं.

तू परत आलीस की शर्यत लावू. आधी वर कोण पोचतं ते बघू.

१३ जून

तुमच्या ऑफिसातून तुझ्या नवऱ्याला फोन आला. स्टेशनवर जनरेटरच्या शेडला आग लागली, विझली, सगळे जिवंत आहेत, दोघांना इजा. कोणाला, किती, ते सांगत नाहीत, "किरकोळ" म्हणतात. किरकोळ हा शब्द मी इतक्या नातेवाइकांना इतक्यांदा सांगितलाय की त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे.

तुझा नवरा रोज ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. मी मनोरा लावते आणि पहिल्याच खड्ड्यात पडते. हे रस्ता सांगत नाहीत, नुसते बसतात.

पोरी, काहीतरी कळव.


२० जून

ती. आईंना नमस्कार,

काळजी करू नका. मी अगदी ठीक आहे. इंजिनकाकांना भाजलं, पण तेही बरे होत आहेत. शेडचं नुकसान झालं, काम चालू आहे. इकडे थंडी फार, बोटं गारठतात, म्हणून साहेबांच्या मशीनवर टाइप करून पाठवते आहे.

शेवटच्या मोठ्या पत्रात तुम्ही बेटावर होतात. एव्हाना मनोराही झाला असेल. तुम्हीच खेळत राहा. मी परत आले की बघत बसेन. मला आता त्या खेळांचा फारसा सोस उरला नाही. खरं तर तो डबा कोणाला द्यायचा असेल तर देऊन टाका.

तुमच्या मुलाला सांगा, मी मजेत आहे.

— तुमची सून


२५ जून

पोरी,

मायना-बियना राहू दे आज.

जुलैच्या मध्याशिवाय बोट नाही असं तूच लिहिलं होतंस. मग हे पत्र चार दिवसांत कसं आलं? म्हणजे तू बेटावर नाहीस. बंदराच्या गावात आहेस, आणि बंदराच्या गावात काय असतं? हॉस्पिटल असतं.

दुसरं. पत्र टाइप केलंस, ठीक. खाली सही हाताने केली आहेस. ती सही डाव्या हाताची आहे. ऑपरेशननंतर उजवा हात बांधलेल्या माणसांच्या सह्या मी कित्येक वर्षं पाहिल्या आहेत. अक्षरं मागे रेलतात.

तिसरं सांगू? गाळणीचा वाकलेला दांडा जिच्या लक्षात राहतो, चार ठिपक्यांसाठी जिने अख्खं आयुष्य वाऱ्याला दिलं, ती म्हणते मला सोस उरला नाही, डबा देऊन टाका. हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

उजवा हात. अंगठा की आणखी बोटं? कातडीच गेली की सांधाही? मला सिस्टर समजून लिही, सासू समजून नको. आणि याच टपालाने नवऱ्याला वेगळं पत्र लिही. मी त्याला काही सांगितलेलं नाही. हे तुझं सांगायचं आहे, माझं नाही.

माझी बॅग भरलेली आहे. तुझं उत्तर आलं की निघते. ये म्हणालीस तरी, नको म्हणालीस तरी.

— आई


२९ जून

आई,

डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतेय, म्हणून उशीर.

वादळ होतं. शेडमधून धूर यायला लागला तेव्हा इंजिनकाका आत होते. दार लोखंडी, बाहेरून ओढायचं, कडी तापून लाल झाली होती. हातमोजे खोलीत राहिले होते. आणायला गेले असते तर वेळ गेला असता. मी स्वेटरची बाही कडीवर घेतली आणि ओढली. पहिल्यांदा नाही उघडलं. दुसऱ्यांदा उघडलं. काका दाराशीच पडले होते. साहेबांनी आणि मी त्यांना ओढून बाहेर काढलं. तेव्हा मला काही दुखलं नाही. नंतर हात बघितला.

वादळ ओसरेपर्यंत बोट येऊ शकली नाही. इथले डॉक्टर लाइनवरून सांगत होते आणि साहेब पट्टी बांधत होते. अंगठ्याचा सांधा गेलाय. शेजारचं बोट वाकत नाही. आणखी एक ऑपरेशन करतील, पण अंगठ्यात पहिल्यासारखा जोर येणार नाही असं स्पष्ट म्हणाले. काका शेजारच्या वॉर्डात आहेत. रोज येऊन माझ्या पायथ्याशी बसतात.

मी खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला घेतलं की पुढचं वाक्य सुचत नव्हतं. खांबावर चढायचं कसं? पाना फिरवायचा कसा? नोंदी लिहायच्या कशा? तुमच्या मुलाला आज लिहिलंय. त्याला आधी सांगायला हवं होतं. पण तो लगेच "नोकरी सोड" म्हणेल आणि मी "हो" म्हणेन, अशी भीती वाटली.

रिमोटवर उडीचं बटण उजव्या अंगठ्याला असतं, आई. तलवारीचंही. पट्टी सोडल्यावर सगळ्यात आधी हेच मनात आलं. वेडेपणाच आहे.

या. लवकर या.

— तुमची सून


४ जुलै (रवाना होता होता, रेल्वे स्टेशनवरून)

पोरी,

हे पत्र माझ्या आधी पोचेल की नंतर, माहीत नाही. दोघंही निघालो आहोत, तुझा नवराही सोबत आहे. नोकरी सोड म्हणायला त्याला मी तोंड उघडू दिलेलं नाही. ते तू ठरवायचंस, तेही हात बरा झाल्यावर.

एकच सांगायचं होतं. तुझं पत्र आल्यावर मी यांना म्हटलं, या बसा इकडे. रिमोटची डावी बाजू यांच्या हातात दिली, उजवी माझ्या. दिशा यांची, उडी माझी. ड्रायव्हर माणूस, वळवायला काय लागतंय? असं मला वाटलं. आम्ही पहिल्या खड्ड्यात पडलो, दुसऱ्यात पडलो, एकमेकांवर इतके ओरडलो की शेजारीण डोकावून गेली. हे वळायच्या आधी थांबून दोन्हीकडे बघतात! पण तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. म्हणजे जमतं.

तुझा डावा अंगठा शाबूत आहे. माझा उजवा म्हातारा आहे, पण थरथरत नाही.

— आई


९ फेब्रुवारी

ती. आईंना नमस्कार,

अक्षर बघा. डाव्या हाताचं आहे, आणि आता मागे रेलत नाही.

बोट काल परत गेली. खोली तीच, खिडकीही तीच. फटीतलं कापड मात्र कोणीतरी नवं कोंबलंय, स्वयंपाक्याने असावं. मी पाऊल ठेवलं तेव्हा इंजिनकाका धक्क्यावर उभे होते. त्यांचा एक कान आता कमी ऐकतो. त्यांनी माझी बॅग घेतली आणि एवढंच विचारलं, "आई वर पोचल्या का?"

मी सांगितलं, पोचल्या. आम्ही दोघी पोचलो.

तुम्ही तिथेच होतात, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. पण एक गोष्ट तेव्हा बोलले नव्हते. ऑफिसने उत्तर मागितलं होतं, परत जाणार की शहरात टेबलावरचं काम घेणार. मी मनात टेबल पक्कं केलं होतं. घरी आणल्यावर तुम्ही रोज माझं बोट कोमट पाण्यात धरून वाकवत होतात आणि मी मनात टेबलाशी बसलेली होते.

मग त्या रविवारी शेवटचा मजला. सगळा पडदा राखेने काळा, फक्त आपली मुलगी दिसते, पुढची पायरी कुठे आहे ते कळत नाही. लहानपणी मी इथेच हरायची. बाबा म्हणाले, "राख खाली पडते ना, ती जिथे अडते तिथे पायरी असणार." आणि खरंच, आई! राखेचे ठिपके हवेत एका रेषेवर थांबत होते. कोणत्या वेड्या, थोर माणसाने हे केलं असेल? अंधार दिला आणि अंधारातच वाट ठेवली. त्या दिवशी मनोऱ्याबद्दलचं माझं मत बदललं.

मी चालवत होते, तुम्ही उडी. शेवटच्या पाच-सहा उड्यांना तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हतात. माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी म्हणाले की दाबायचं, एवढंच. एकही उडी चुकली नाही. वर पोचून मुलीने घंटा वाजवली आणि आपण चढून आलेले सगळे मजले एकेक करून उजळत गेले. बाबा टाळ्या वाजवत होते. तेव्हाच मला वाटलं, काम असंही होतं की! एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं, आणि ते दोघांचंही असतं.

आज सकाळी खांबावर गेले. काका माझ्या मागून चढले. कुठला स्क्रू, किती फिरवायचा ते मी सांगते, पाना ते फिरवतात. वाऱ्याचं यंत्र मिठाने अगदी जाम झालं होतं. ते मोकळं होऊन भिरभिरायला लागलं तेव्हा काका वरूनच खाली साहेबांना ओरडून म्हणाले, "फिरलं!" साहेबांनी खिडकीतून हात हलवला. पहिली नोंद मी माझ्या हाताने लिहिली.

तुम्ही बरोबर होतात म्हणून हे झालं. कसे आभार मानू कळत नाही.

— तुमची सून


२६ फेब्रुवारी

चि. पोरीस,

पत्र मिळालं. अक्षर झकास आहे, तुझ्या नवऱ्याच्या उजव्या हातापेक्षा बरं. तो चारदा वाचून शिफ्टला गेला, जाताना खिशात घालून नेत होता, मी काढून घेतलं. त्याने त्याचं त्याचं मागवावं.

आम्ही आता पिवळी कॅसेट लावली आहे, ती चोराची. यात लपून जायचं असतं, लढायचं नाही. सावल्या काय सुंदर केल्यात! कंदील हलला की भिंतीवरची सावली हलते आणि आपण त्या सावलीसोबत सरकायचं. यांना फार आवडली. बेट पहिलं, मनोरा दुसरा, चोर तिसरा, असं यांचं मत. माझं मनोरा, चोर, मग बेट. काल यावरून आमची खरीखुरी जुंपली. तुझं मत कळव म्हणजे एकाची जिरेल.

आता तक्रार ऐक.

राखेच्या मजल्यावर शेवटून दुसरी उडी होती. मी बटण दाबायला जराशी थांबले, तर तू काय ओरडलीस ते आठवतं? "अगं आई, मार ना उडी!" ओरडलीस आणि लगेच पुढे गेलीस, तुला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. यांनाही कळलं, ते माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. घंटा वाजली, मजले उजळले, ते सगळं मी पाहिलं म्हणतेस, पण खरं सांगू का, मला नीट दिसलंच नाही. डोळे भरले होते. तू समजलीस, मनोरा जिंकला म्हणून.

त्यानंतर तू निघेपर्यंत परत "अहो आई". आणि आता या पत्रात "तुम्ही होतात", "आभार मानू". हे असलं पत्र मला नको. नवं लिही.

— आई


१५ मार्च

आई,

तीन कागद फाडले. डाव्या हाताला "तुम्ही"चीच सवय लागली आहे, आपोआप येतं.

चोर पहिला, मनोरा दुसरा, बेट तिसरं. आता तुम्हा दोघांचीही जिरली. बाबांना सांग, चोराच्या राजवाड्यात तळघराचं दार बंद दिसलं तरी तिथून हलायचं नाही. आणि तू जिन्यावर घाई करतेस, मला माहीत आहे. करू नकोस.

इथे आज वारा पडलाय. समुद्र सपाट आहे, काका गळ टाकून बसलेत. सकाळची नोंद झाली, पुढची दुपारी. मधला वेळ मोकळा होता आणि मी खाटेवर बसून होते, तेव्हा एक वाक्य मनात आलं. ते "तुम्ही" घालून लिहून पाहिलं, तर कोणीतरी दुसऱ्यानेच लिहिल्यासारखं वाटलं. म्हणून असं लिहिते.

मला तुझी फार आठवण येते.

— तुझी